सव्वापाच

नोबेयामाच्या पठारावर मार्च म्हणजे अजून बर्फच.
लेट्यूसची शेतं उघडी पडलीत,
युई-सानचा ट्रॅक्टर ताडपत्रीत गुरफटून झोपलाय,
आणि पंचेचाळीस मीटरची थाळी
डोंगराच्या खांद्यावरून
ज्येष्ठा वर यायची वाट बघतेय.

रात्रीचे अडीच.
मोमोसे-सान थर्मॉसमधून सोबाचा चहा ओततात.
"वारा सात मीटर, कुराशिना-सान.
दहा झाला की थाळी उताणी करून ठेवणार,
मग समोर ढग असो नाहीतर देव."
एकतीस वर्षं हेच वाक्य.

ज्येष्ठेच्या शेजारी धुळीचा एक ढग आहे.
शेजारी म्हणजे प्रकाशाच्या पायांनी साडेचारशे वर्षं.
ढग म्हणायचं, पण हा गडगडत नाही, बरसत नाही,
आतल्या आत गारठत, दाटत जातो
आणि कुठेकुठे तारा धरतो,
झाड फळ धरतं तसा.

त्यातला कार्बन मोनॉक्साइड बोलतो.
साध्या प्राणवायूचा तर एवढा कालवा
की लेट्यूसच्या लिलावात उभं राहिल्यासारखं,
आकडा कुणाचा, कळत नाही.
म्हणून कान लावायचा विरळांकडे.
अठरा वजनाचा एका दमात, एका सुळक्यात बोलून मोकळा होतो.
सतरा अडखळतो,
एका शब्दाचे तीन तुकडे करतो,
त्यातले दोन एकमेकांना चिकटलेले.
त्यात आपल्याच हवेतला प्राणवायू
मध्ये तोंड घालतो.
सतरासाठी चार रात्री मागून घेतल्यात मी.

अठरा येतो थोराड, उतावळ्या ताऱ्यांकडून,
पेटले, फुटले, संपले.
सतरा मागाहून,
मध्यम ताऱ्यांच्या लांबलेल्या म्हातारपणातून, गळत गळत.
ढगात एका सतरामागे अठरा किती?
जानेवारीत कृत्तिका-रोहिणीच्या मधल्या ढगात: चाराच्या आसपास.
इथे, कालपर्यंत: पावणेचार.

आणि समुद्राच्या पाण्यात सव्वापाच.
या चहात, खिडकीवरच्या बर्फात,
मोमोसे-सानच्या चष्म्यावर धरलेल्या वाफेत,
जवळजवळ सव्वापाचच.
म्हणजे सूर्याचा हेल या आळीचा नाही.

कुणी म्हणतं, तो दुसरीकडे जन्मला, चालत इथवर आला.
कुणी म्हणतं, पाळण्याजवळ कुणीतरी मोठं फुटलं
आणि मूठभर अठरा जास्त पडला.
कुणी म्हणतं, तो तोच आहे, साडेचार अब्ज वर्षांत आळी बदलली.
मोमोसे-सानचं मत वेगळं:
"तुमचं कॅलिब्रेशन चुकतंय."

माझी आई माकुराझाकीची.
सुक्या माशाचा वास असलेलं, पार दक्षिणेकडचं बंदर.
आमच्याकडे पाऊस म्हणजे 'आमे', आणि चघळायची गोळीही 'आमे'.
फरक फक्त हेलाचा:
एकात स्वर उतरतो, दुसऱ्यात चढतो.
आई दोन्ही उलटे लावते.
कोमोरोत सत्तावीस वर्षं झाली,
भाजीवाला अजून विचारतो, "तुम्ही कुठल्या?"
ती म्हणते, "इथलीच,"
आणि तेही चुकीच्या जागी चढवून.

मी ते कधी मोजलं नाही.
मोजायचं तर कुणाच्या मापानं?

पावणेपाच. वारा दहा.
मोमोसे-सान काही न बोलता बटण दाबतात,
थाळी कुरकुरत आभाळाकडे उताणी होते.
पडद्यावर सतराची रेघ
अर्धवट उमटलेली, कुबडासारखी.
वहीत लिहिते: तीन पूर्णांक नऊ,
पुढे अधिक-उणे, एवढं मोठं
की त्यात पावणेचारही राहील, चारही राहील,
सव्वापाच मात्र
कोपर मारूनही मावणार नाही.

बाहेर आले. श्वास दिसत होता,
थोडा वेळ, मग नाही.
युई-सानच्या रोपवाटिकेत दिवा लागला होता.

फोन वाजला. आई.
एवढ्या पहाटे उठते ती, माझ्या ढगांसाठी काळजीत.
"तिकडे आमे पडतायत का गं?"
गोळ्या, असं ऐकू आलं, नेहमीसारखं.

"नाही," म्हटलं. "आभाळ मोकळं आहे.
नुसता वारा."